शिवकन्येची विहीर

नागीण उतरवायचं ठरायला एक कप चहा पुरला.

सगळ्यांना वाटलं होतं, आश्रुबा अडून बसतील. वत्सला वॉटर पार्कची ती पहिली घसरगुंडी. तीन वेटोळी घेत वरून खाली येणारी, एके काळी निळीशार, आता उन्हानं राखाडी पडलेली. ऊसतोडीच्या मुकादमकीत मिळवलेला पैसा आश्रुबांनी जमिनीत न घालता पाण्यात घातला, तेव्हा केज ते धारूर रस्त्यावरच्या एकूण एक हॉटेलात हसू झालं होतं. प्यायला टँकर लागतो, आणि हा गडी माणसं पाण्यावरून घसरवायला निघाला. पुढं हसणारेच पोरंबाळं घेऊन रांगेत उभे राहिले, हा भाग वेगळा.

"काढा," आश्रुबा बशीतला चहा फुंकत म्हणाले. "मी काय तिच्यावर बसून वर जाणार हाय का?"

"आण्णा, तिच्यावरून खालीच येता येतं," धाकटा मुलगा सोमेश्वर म्हणाला.

"मंग तर काढाच."

तिकीटघराच्या पत्र्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मार्गशीर्षातलं ऊन पायांवर येऊन बसलं होतं, मांजरासारखं. पार्क बंद. टोळ्या दिवाळीनंतर कारखान्याला गेल्या की गावंच्या गावं रिकामी होतात. त्या परतेपर्यंत इथं कावळ्याशिवाय कुणी पोहत नाही.

तेजश्रीला आजोबांच्या बोलण्यानं हायसं वाटलं. सोमेश्वरची ही पोरगी संभाजीनगरला इंजिनिअरिंग करून आली होती आणि सकाळीच नागिणीच्या शिड्या चढून बघून आली होती. पत्र्यासारखा गुळगुळीत असायचा तो फायबर जागोजाग उसवला होता. हात फिरवला तर तळव्यात काचेची बारीक कुसळं. गेल्या उन्हाळ्यात युसूफ वडगावच्या एका पोराचं कोपर याच कुसळांनी सोलवटलं होतं. पोराच्या आईनं भांडण केलं नाही. पदरानं कोपर पुसत एवढंच म्हणाली होती, तुमच्या घरातलं लेकरू बसवा की एकदा हिच्यावर. तेजश्रीच्या मनातून ते वाक्य जात नव्हतं.

पण नागिणीच्या जागी काय, यावर चहाचं अख्खं पातेलं संपलं.

"साठ फुटी टॉवर," सोमेश्वर म्हणाला. "चार घसरगुंड्या एका अंगाला. लातूरचं पब्लिक यायला पाहिजे. बँकेत बोललो हाय मी."

"आणि पाणी?" पंडितनं विचारलं. थोरला तो. मुकादमकी बापानंतर त्यानं चालवली होती, त्यामुळं प्रश्न विचारताना त्याचा आवाज नेहमी हजेरी घेतल्यासारखा लागे.

"बोअर घेऊ."

"कितीवा बे हा? सगळं रान चाळणी करून ठेवलंस. मी म्हणतो, हे पाण्याचं खूळच बास. हौद बुजवा, सपाट करा, लॉन करा. लग्नाला धारूरपासून केजपर्यंत एक धड जागा न्हाई. नवरा-नवरी काय वाळलेल्या हौदात उभी करायची?"

"लॉनला पाणी लागत न्हाई वाटतं, दादा?"

"गप बे."

दोघांचं पटत नव्हतं, पण एक गोष्ट दोघांनाही सारखीच हवी होती. टॉवर असो की लॉन, जागा लागणार होती ती मागच्या कोपऱ्यातली. तिथला बोटीचा तलाव कोरडा पडून वर्षं झाली होती. पायडलची चार बदकं तळाला कलंडून पडलेली, त्यांच्या पाठीवर बाभळीची पानं. शेजारचा भूतबंगला कुणी बघायला येईना म्हणून पंडितनं त्यात कांदा भरला होता. आता तिथून खरोखरच भ्यावं असा वास येई. आणि या सगळ्याच्या मधोमध होती विहीर. तिच्यावर नाव होतं बहिणीचं, शिवकन्येचं.

दोघा भावांत वाटणी झाली तेव्हा त्यांची आई वत्सलाबाई जिवंत होत्या. लेकीला चोळी-बांगडीला काय, म्हणून त्या अडून बसल्या. जमीन द्यायला कुणी तयार नव्हतं, तर त्या म्हणाल्या, विहीर द्या. आणि त्यावर एक रीत घातली: दर चैत्रात हंगाम सुरू व्हायच्या आधी एका भावानं धारूरला जायचं, बहिणीला घेऊन यायचं, मोटार तिच्या हातानं चालू करायची आणि तिला साडी नेसवायची. पाण्याची साडी, म्हणत घरात.

आता बँकेला सातबारा मोकळा हवा होता. वकिलानं हक्कसोडपत्र टाइप करून दिलं होतं. शिवकन्येनं सही केली की विहीर बुजणार होती. टॉवर झाला तर त्याच्या पायाखाली, लॉन झालं तर गाड्यांच्या पार्किंगखाली.

"आक्का येणार ना नक्की?" सोमेश्वरनं विचारलं.

"दुपारच्या एस्टीनं येती म्हणाली," पंडित म्हणाला.

आश्रुबांनी बशी खाली ठेवली. "एस्टीनं? गाडी काय झाली तुमची?"

दोन गाड्या समोर उभ्याच होत्या, ऊन खात.

*

फाट्यावर एस्टी थांबून गेल्याचा आवाज पंडितला आला. तो उठून फाटकापर्यंत गेला आणि तिथंच थबकला. शिवकन्या चालत येत होती. हातात पिशवी, डोक्यावर पदर, चाल आईची. धारूरच्या बाजारात तिचं भांड्यांचं दुकान होतं. रोज पितळेशी झगडून खांदे रुंद झालेले. पंडितच्या मनात आलं, पुढं होऊन पिशवी घ्यावी. मग वाटलं, आजच का पिशवी घेतली असं वाटेल तिला. तेवढ्या विचारात ती फाटकातून आत आली होती.

"बरा हाइस का दादा?"

"बरा. ये. आण्णा तिकडं बसलेत."

"येते. आधी जरा इकडं जाऊन येते."

आणि ती तिकीटघराकडं न वळता मागच्या कोपऱ्याकडं चालू लागली. बदकं ओलांडून, कांद्याच्या वासातून, सरळ. लहानपणी शाळेतून आल्यावरही ती आधी तिकडंच जायची. चुलीकडं नंतर. आई ओरडायची, पाणी पळून जातंय का? पंडितला ते आठवलं आणि आपण आठवत उभे आहोत हे बायकोनं, मंगलनं बघितलं, म्हणून तो खुर्च्यांकडं परतला.

*

मंगलनं कँटीनच्या चुलीवर पिठलं टाकलं होतं. भाकरी झाकून ती विहिरीकडं निघाली तेव्हा तिच्या हातात साडीची पेटी होती. पंडितच्या सांगण्यावरूनच आणली होती ती, बीडच्या मोठ्या दुकानातून. मोरपंखी, जरीकाठाची. सहीच्या आधी द्यायची की नंतर, यावर नवऱ्याशी दोन दिवस चर्चा झाली होती.

शिवकन्या कठड्यावर बसली होती. काठच्या सीताफळीला शेवटची चार फळं उरली होती, पाखरांनी कोरलेली. खाली पाणी काळं, गप्प. माथ्यावरचं आभाळ त्यात नाण्याएवढं.

"वन्सं, पिठलं गार होईल."

"वहिनी, आई इथं दळण संपल्यावर हातपाय धुवायला यायची. तुमाला आठवती का तिची ती ओवी?" आणि शिवकन्या हळूच, चाल न लावता, नुसतं बोलल्यासारखं म्हणाली:

"माहेरची विहीर, काठाला सीताफळ
भावाच्या आधी मला, वळखितं जळ."

मंगल पेटी मांडीवर घेऊन शेजारी बसली. झाकण न उघडता शिवकन्येनं विचारलं, "सहीची का ही?"

"व्हय."

"रंग बरा हाय."

"मीच निवडला." मंगलनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "नेकनूरला, माहेरी मलापण दिली होती अशीच. हिरवी. मी केली सही, वन्सं. मला वाटलं, भाऊ हायत, रानाचं काय घेऊन बसायचं. भाऊ वाईट न्हाईत. अजून जाते की मी. चहा होतो. मंग वहिनी विचारती, परतीची गाडी कितीची हाय."

"आधी विचारत न्हवती?"

"आधी विचारायची, किती दिवस राहणार."

सीताफळीवरून एक पान पडलं आणि पाण्यावर गोल फिरलं.

"दादाला काय सांगशील?" शिवकन्येच्या तोंडून वहिनीला एकदम एकेरी निघालं. लग्न होऊन मंगल आली तेव्हा दोघी एकाच वयाच्या होत्या, एकाच वाकळेत झोपल्या होत्या. ते आज वर आलं.

"काय न्हाई. साडी दाखवली म्हणंन. ते तर खरंच हाय."

*

जेवणं झाली. कागद टेबलावर आला. त्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून सोमेश्वरनं मोबाइल ठेवला.

"आक्का, हितं आणि मागच्या पानावर," तो म्हणाला. "पैशाचं बोलू आपण. मी काय फुकट मागत न्हाई."

"मी पैसे मागितले का?"

"मंग काय मागतीस ते सांग. पण लांबवू नको. बँकेचा माणूस सोमवारी येतो."

"मी सही करत न्हाई सोम्या."

सोमेश्वरनं आधी हसून बघितलं. मग पंडितकडं बघितलं. पंडितचा जबडा आवळला होता.

"शिवे, आमी दोघांनी हे चालवलं," पंडित म्हणाला. "दुष्काळात चालवलं. लॉकडाऊनमधी कुलूप लावून बसलो. तवा तू कुठं होतीस? आणि आता ही विहीर अडवून तू काय करणार? धारूरला पाइप टाकणार हाइस का?"

"मी धारूरलाच होते. तुमीच आला न्हाईत." ती शांतच होती, बाजारात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी. "दोन वर्सं झाली, दादा. चैत आला की मी दुकान बंद करून, डोकं धुऊन बसते. एकदा ड्रायव्हर आला, साडीची पिशवी दारात ठेवली, न् गाडी चालू ठेवूनच गेला. दुसऱ्यांदा तर पिशवी दुकानात शेजाऱ्याकडं देऊन गेला. मोटार कुणी चालू केली?"

"मी केली," सोमेश्वर म्हणाला. "गडबड होती आक्का. बुकिंग होती. बटणच तर दाबायचं होतं."

"बटणच तर होतं," शिवकन्या म्हणाली. "ते दाबायला बोलवायला तुमाला जड गेलं. त्या दोन साड्या कपाटात तशाच हायत. घडीबी मोडली न्हाई."

"एवढ्यासाठी?" पंडितचा आवाज चढला. "एवढ्यासाठी तू आमचं सगळं बंद पाडणार? मंगल, तू तरी सांग हिला!"

मंगल भाकरीचं टोपलं झाकत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "मी काय सांगू? वन्संची विहीर हाय."

पंडित बायकोकडं बघतच राहिला. इतक्या वर्षांत चारचौघांत ती त्याच्या विरुद्ध बोलली नव्हती. आणि आताही ती विरुद्ध काहीच बोलली नव्हती.

तेजश्रीला कळलं, आता आपण बोललो नाही तर हे सगळे उठून जातील. "आबा, मी एक सांगू का?" तिनं आजोबांना विचारलं.

"सांग की. एवढी शिकवली ती बोलायलाच."

"मी उन्हाळ्यात गेटवर असते. येणारं माणूस बघते. पोरं न् पुरुष घसरगुंडीवर जातात. बायका पायऱ्यांवर बसतात. चपला, पिशव्या, डबे, लहान लेकरं सांभाळत. सकाळी आल्या की सांज होईपर्यंत. पाण्याला येऊन पाय ओला होत न्हाई त्यांचा. साठ फुटांवर त्या जाणार न्हाईत पप्पा. आणि नागिणीसारखं उंचावर पाणी चढवायचं तर मोटार दिवसभर जळते."

"मंग?" सोमेश्वर म्हणाला. पण त्याचा आवाज ऐकून घेणाऱ्याचा होता.

"तो बोटीचा तलाव. गुडघाभर पाणी ठेवायचं फक्त. कडेनं बसायला ओटे, वर सावली. साडीत बसता येईल असा. लहान लेकरांना छोट्या घसरगुंड्या, कारंजी. पाणी गाळून तेच तेच फिरवायचं. विहीर पुरते एवढ्याला. लाटांचा हौद आहे तसा ठेवू, तळ दुरुस्त करू. आणि पुढचं लेकरांच्या आगगाडीचं रान, रूळ गंजलेत तिथले, ते काकांना लॉनला. लग्नाला आलेलं माणूस मागं पाणी बघून जाईल, परत येईल."

"आणि माझा टॉवर?"

"एक करू. बुटका. पुढच्या वर्सी," तेजश्री म्हणाली. "पप्पा, त्या वडगावच्या पोराचं कोपर तुम्ही बघितलं न्हवतं. मी बघितलं."

सोमेश्वर खुर्चीत मागं टेकला. टॉवरचं चित्र त्यानं मोबाइलच्या पडद्यावर लावून ठेवलं होतं. कागदावरचा मोबाइल उचलताना ते उजळलं, आणि त्यानं बटण दाबून ते विझवलं. कागद वाऱ्यानं सरकला, टेबलाच्या कडेला जाऊन अडला. कुणी धरला नाही.

"बँक सातबारा मोकळा मागती, त्याचं काय?" पंडित म्हणाला.

"बँक मागती तर मी येऊन सही देते की जामिनाला," शिवकन्या म्हणाली. "विहीर सोडणार न्हाई. पाणी कधी अडवलंय का मी? एकदा तरी?"

पंडितला ते नाकारता येईना. टँकरच्या वर्षी याच विहिरीवर पार्क तरला होता. पण हरल्यासारखं वाटत होतं, आणि बहिणीपुढं हरण्याची त्याला सवय नव्हती. त्यानं बापाकडं बघितलं.

आश्रुबा बराच वेळ नागिणीकडं बघत होते. "तुमच्या मायनं मला इचारलं होतं," ते म्हणाले, "पोरगी माहेरी येईल ती कशाला येईल? मी म्हणालो, आपण हाव की. ती म्हणाली, आपण गेल्यावर?" त्यांनी काठी टेकली. "मला तवा उत्तर आलं न्हाई. आता तुमीच बघा." मग उठता उठता: "शिवा, नागिणीला एकदा पाणी सोड गं. काढायच्या आधी बघू दे."

*

मोटारीची खोली विहिरीला लागूनच होती. शिवकन्येनं पायातल्या चपला बाहेर काढल्या. बटणावर धूळ होती. तिनं पदरानं पुसली. दाबलं. मोटार आधी खोकली, मग घशातून घरघरली, आणि पाइपातून पाणी वर चढल्याचा आवाज सगळ्यांनी मान वर करून ऐकला.

पाणी नागिणीच्या तोंडातून निघालं आणि पहिल्याच वेटोळ्यावर सांध्यातून गळू लागलं. दुसऱ्या वेटोळ्यावर त्याच्या धारा झाल्या. तिसऱ्यापर्यंत पोचताना नागीण आतून कमी आणि बाहेरून जास्त वाहत होती. खालच्या हौदात जेमतेम वाळकी पानं हलली.

"फुटलीय पार," सोमेश्वर हळू म्हणाला. आज पहिल्यांदा त्यानं ती नीट बघितली होती.

आश्रुबा खाली उभे होते. गळणाऱ्या धारेखाली त्यांनी हात धरला, तो तोंडावरून फिरवला आणि म्हणाले, "बंद कर. पाणी वाया चाललंय."

शिवकन्येनं बंद केली.

पिशवी घेऊन ती निघाली तेव्हा मंगल फाटकापर्यंत गेली. मोरपंखी साडीची पेटी तिनं शिवकन्येला दिली नाही. दुकानात परत करते म्हणाली. दोघी हसल्या. टेबलावरचा कागद तेजश्रीनं उचलून चुलीपाशी ठेवला होता. पेटवला नव्हता, नुसता ठेवला होता. सकाळी कुणाला तरी विस्तवाला लागणारच होता.

पंडित गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत पुढं आला. राग पुरता उतरला नव्हता, तो चालीत दिसत होता.

"शिवे, बस. सोडतो धारूरला."

"नको. एस्टी हाय."

"लई मानी झालीस."

"सोडायला कुणीबी सोडतं, दादा," शिवकन्या म्हणाली. "चैतात न्यायला ये."

फाट्याकडून एस्टीचा हॉर्न आला. ती चालू लागली. पंडित किल्ली फिरवायची थांबला. ती बरीच पुढं गेली, बाभळीपाशी, तेव्हा त्यानं ओरडून विचारलं:

"रंग कोणता आणू?"

शिवकन्येनं वळून बघितलं नाही. तिनं नुसता हात वर केला, आईसारखाच, आणि म्हणाली, "तू आण. मंग बघू."